तुझा फासा दुकानात आहे

परभणी

चिऊ बेटा,

दिवाळीला आलतीस तेव्हा तुझा तो वीस बाजूंचा निळा फासा इथंच राहिला बघ, गल्ल्याशेजारी ठेवलाय, गिऱ्हाईक नसलं की टाकत बसतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज दरवेळी २१ येते, हे तू सांगितलं नव्हतंस, मीच शोधलं.

त्या रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशावर लढायचा तुझा तो खेळ, खेळताना आईला १ पडला, वार हुकला, अन् ती म्हणली कलियुगच आहे बाई. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे, कारण कलि हे मुळात फाशाच्या दानाचंच नाव आहे गं! कृत, त्रेता, द्वापर, कलि, ही चार दानं, कृत सगळ्यात भारी, चाराचं, आणि कलि सगळ्यात वाईट, एकाचं, युगांना ही नावं तिथूनच मिळाली. म्हणजे आई अगदी बरोबर बोलली. आणि तेव्हाचे फासे कशाचे, तर बेहड्याच्या बियांचे. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलात जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे, त्यात त्याला सांगितलंय की फासे सोड, शेत कर. (हे तुला नाही हं, तू खेळ.) आता आलीस की वेरूळला जाऊ, २१ नंबरच्या लेणीत शंकर-पार्वती सारीपाट खेळायलेत, तुला दाखवायचंच आहे.

अन् तुझं ते सीड. गेममधला कॉम्प्युटर फासा टाकत नाही, एका आकड्यावरून हिशोब करत पुढचे आकडे काढतो, त्या पहिल्या आकड्याला सीड म्हणायचं, माइनक्राफ्टमधे, जिथं कॉम्प्युटर अख्खं जग तयार करतो त्या गेममधे, तोच सीड दिला की तेच डोंगर, त्याच नद्या. मी इतकी वर्षं सोयाबीनचं बी विकतोय, १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ७० उगवले की बी चांगलं, पण एकाच बॅगेतलं बी दोघा भावांनी बांधाला बांध लावून पेरलं तरी एकाचं दाट येतं अन् दुसऱ्याला दुबार पेरावं लागतं, कारण त्याच्या पेरणीनंतर पावसानं ओढ दिलेली असते. म्हणून तो शब्द मला आधी पटलाच नाही. मग लक्षात आलं, तुमच्या बीमधे जमीनसुद्धा आतच असते, आमच्याकडं जमीन अन् पाऊस बीच्या बाहेर. बरोबर का? फोनवर नीट सांग, घाईत नको.

फासा कुरिअर करू का संक्रांतीला येतीस? आईनं तिच्या लढणारीचं नाव तीनदा बदललंय, तिला परत खेळायचंय.

तुझे बाबा