संकेतस्थळे बंद करणारे आदेश जाहीर करा : केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. अश्विनी वैष्णव यांस,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

महोदय, स. न. वि. वि.

पुण्यातील एका कंपनीत मी नेटवर्क सांभाळतो. एखादे संकेतस्थळ उघडत नसल्याची तक्रार आली की दोष समोरच्या सर्व्हरचा, नावावरून संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा की आमच्याच फायरवॉलचा, हे शोधणे माझे काम आहे. या तिन्हींची खातरजमा मला करता येते. मात्र ते सरकारी आदेशाने बंद झाले असेल तर ते कळण्याचा खात्रीशीर मार्ग माझ्याकडे नाही, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, सरकारला संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ६९अ खालील तक्रारी आणि त्यांवरची कार्यवाही २००९ च्या नियमांतील सोळाव्या नियमाने गोपनीय ठरवली आहे. माझे म्हणणे या एका नियमापुरतेच आहे.

२०२२ मध्ये व्हीएलसी या सर्वपरिचित व्हिडिओ प्लेअरचे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. काही इंटरनेट सेवादात्यांकडे ते चालत होते, काहींकडे नाही. माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा आपल्या मंत्रालयाने अशी माहिती उपलब्ध नसल्याचे कळवले. हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या व्हिडिओलॅन या फ्रेंच संस्थेने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस धाडली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात ज्यांना व्हीएलसी हवे होते ते कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून ते उतरवून घेत राहिले असणार, आणि सायबर सुरक्षेच्या दृष्टीने याहून वाईट परिणाम मला तरी सुचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे कलम ६६अ रद्द केले. पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक त्या खटल्याच्या मुळाशी होती, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच निकालाने कलम ६९अ मात्र कायम ठेवले. बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे आदेशाला रिट याचिकेने आव्हान देता येते, हा त्यामागचा एक महत्त्वाचा आधार होता. जो आदेश पाहायलाच मिळत नाही त्याला आव्हान कोण आणि कसे देणार? इंटरनेट सेवाच खंडित करणारे आदेश प्रसिद्ध करावेत, असे याच न्यायालयाने काश्मीरमधील इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० रोजी बजावले आहे. अख्ख्या जिल्ह्याचे इंटरनेट बंद करणारा आदेश जाहीर होऊ शकतो, तर एका संकेतस्थळाचा का नाही?

आपण स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते आहात, म्हणून तांत्रिक बाजू थोडी विस्ताराने मांडतो. आज इंटरनेटवरची बहुतेक वाहतूक एचटीटीपीएसवरून, म्हणजे सांकेतिक रूपात होते. सेवादात्याला संकेतस्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे आदेश एका पानाचा असला तरी सेवादात्याच्या हाती संपूर्ण संकेतस्थळ अडवण्याखेरीज फारसे काही उरत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी प्रचाराच्या कारणावरून ३२ पत्त्यांवर बंदी आली, तेव्हा प्रोग्रामरांचे गिटहब आणि व्हिडिओंचे व्हिमिओ यांसारखी लाखोंच्या रोजच्या वापरातली ठिकाणेही काही काळ अडकली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : कोणता ग्राहक कोणत्या नावाकडे निघाला आहे हे पाहून जोडणी तोडणारे यंत्र तेच नाव नोंदवूनही ठेवू शकते. बंदीची यंत्रणा आणि पाळतीची यंत्रणा यांच्यात भिंत नाही, फक्त एक सेटिंग आहे. ते सेटिंग कोणी, कोणाच्या सांगण्यावरून बदलले याचा माग बाहेरच्या कोणालाही लागत नाही.

काही आदेश गुप्त ठेवावे लागतात, हे मला मान्य आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या ठिकाणांची यादी छापणे म्हणजे त्यांची जाहिरात करणे होय, आणि चालू तपासही उघड्यावर आणता येत नाही. पण तिथेही पत्ता झाकून आदेशाचा दिनांक, आधार आणि संख्या सांगता येते, आणि गोपनीयतेला मुदत घालता येते. आज अपवादाचाच नियम झाला आहे. या आदेशांची फेरतपासणी करण्यासाठी दोन महिन्यांतून किमान एकदा भरणाऱ्या पुनर्विलोकन समितीने किती आदेश चुकीचे ठरवले, एवढे जरी जाहीर झाले तरी पुष्कळ शंका मिटतील.

कायदेशीर कारणाने अडवलेल्या पानासाठी ४५१ हा स्थिती-संकेत (ब्राउझरला उत्तरादाखल मिळणारा क्रमांक) २०१६ पासून प्रमाणित आहे आणि मागणी कोणी केली हे त्यासोबत सांगावे, असे ते प्रमाणक सुचवते. आपल्याकडे मात्र बहुधा जोडणी नुसतीच तुटते. एचटीटीपीएसमुळे सेवादात्याला तिथे स्वतःचा संदेश दाखवणे अवघड आहे, हे खरे. म्हणूनच आदेशाचा क्रमांक, दिनांक, कलम आणि दाद मागण्याचा पत्ता शोधता येईल अशी यादी मंत्रालयाच्याच संकेतस्थळावर असली पाहिजे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सोळाव्या नियमाच्या दुरुस्तीची अधिसूचना पुरेशी आहे आणि ती काढणे आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
पुण्यातील एक नेटवर्क अभियंता