तुळशीचा काढा आणि किरणोपचार

माननीय संपादक,

कर्करोगावर किरणोपचार (रेडिएशन) चालू असलेल्या रुग्णांना तुळशीचा काढा घेण्याचा सल्ला आप्तेष्ट सर्रास देतात, म्हणून हे पत्र. किरणोत्सर्गाने पेशींतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात व ती डीएनएचे धागे तोडतात. तुळशीतील ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही फ्लेव्होनॉइडे (वनस्पतींतील नैसर्गिक रसायने) त्यांपासून संरक्षण देतात, असे मणिपालच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. हे काम खरोखर अभिमानास्पद आहे. मात्र तिथे शुद्ध केलेले द्रव्य मोजून, किरणांच्या माऱ्यापूर्वी, इंजेक्शनाने दिले होते. दारच्या वृंदावनातली चार पाने उकळून तोच परिणाम मिळेल, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. शिवाय निरोगी पेशींना वाचवणारे द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाही वाचवील की काय, ही तज्ज्ञांची शंका गंभीर आहे. आमच्या फोंड्यातील एका शेजारीणबाईंनी किरणोपचार चालू असताना हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेतल्या, पण डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता, कारण कोणी विचारलेच नाही. गोव्यातील सर्व किरणोपचार विभागांनी पहिल्याच भेटीत रुग्ण घरी कोणते काढे, चूर्णे व गोळ्या घेतो याची नोंद करावी आणि मराठी-कोकणीतून माहितीपत्रक द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा