मॅडम, पाठकोऱ्या कागदांबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

निवृत्त होताना आपण निरोप समारंभाला साफ नकार दिलात, म्हणून समोर बोलायचे राहून गेले ते या जाहीर पत्रातून लिहीत आहे.

2008 च्या पावसाळ्यात फोर्टमधल्या आपल्या वकिली कार्यालयात मी रुजू झाले, तेव्हा डेरिव्हेटिव्ह (चलन, व्याजदर अशा कशाच्या तरी भावावर बेतलेला करार) म्हणजे सभ्य कपड्यांतला सट्टा, एवढीच माझी समजूत होती. त्या काळात अनेक कंपन्यांनी बँकांशी परकीय चलनाचे गुंतागुंतीचे ऑप्शन करार (डेरिव्हेटिव्हचाच एक प्रकार) केले होते; तोटा अंगावर आल्यावर, हे करार म्हणजे पैज असल्याने करार कायद्याच्या कलम 30 नुसार रद्दबातल आहेत, असा बचाव त्यांच्यापैकी काही जण घेत होत्या. माझ्या पहिल्याच टिपणात मी तो बचाव बिनतोड ठरवला होता. आपण रागावला नाहीत. 'ज्याला डॉलर खरोखर येणार आहेत, त्याने भावाची जोखीम उतरवली तर ती पैज कशी?' एवढेच विचारलेत आणि रिझर्व्ह बँक कायद्यात 2006 च्या दुरुस्तीने आलेले, अशा करारांना काही अटींवर वैधता देणारे कलम 45-व्ही समोर ठेवलेत. त्याच ऑक्टोबरात राजश्री शुगर्स विरुद्ध अ‍ॅक्सिस बँक या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने पैजेचा मुद्दा फेटाळला, तेव्हा ते अख्खे निकालपत्र आपण मला दोनदा वाचायला लावलेत.

मात्र माझी खरी शिकवणी झाली ती लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला त्या आठवड्यात. कोर्टाच्या जुन्या बोर्डाच्या (सुनावणीच्या प्रकरणांच्या यादीच्या) पाठकोऱ्या कागदावर आपण पेन्सिलीने दोन चौकटी काढल्यात: एका सौद्यात आपले देणे 70 कोटी, दुसऱ्यात येणे 100 कोटी. समोरची संस्था बुडाली, तर वजावट होऊन 30 कोटींचे येणे उरते, की लिक्विडेटर (बुडालेल्या संस्थेची येणी गोळा करून धनकोंत वाटणारा) 70 कोटी पुरते वसूल करून आपल्याला 100 कोटींसाठी धनकोंच्या रांगेत उभे करतो, हे ठरवण्यासाठीच इस्डा कराराची (डेरिव्हेटिव्ह सौद्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण कराराची) निम्मी पाने खर्ची पडली आहेत, असे आपण म्हणालात. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

पुढच्या वर्षी अशाच एका कराराच्या शेड्यूलमध्ये (दोन्ही पक्षांच्या खास अटींच्या जोडपत्रात) क्रॉस डिफॉल्टची, म्हणजे दुसरीकडचे कर्ज थकले तरी इथे कसूर मानण्याची, तरतूद लागू ठेवून तिची किमान रक्कम मी कोरीच सोडली. कुठल्याही किरकोळ थकबाकीवरून सगळे सौदे मुदतीआधी बंद करता येतात की नाही, असा वाद त्यातून उभा राहिला असता. आणि कागद तर पक्षकाराकडे सहीसाठी पोहोचले होते. मला पुढे न करता आपण स्वतः फोन केलात, 'चूक आमच्या कार्यालयाची आहे' म्हणालात, आणि मग केबिनचे दार लावून मला यथेच्छ झापलेत. दोन्हींबद्दल आभार.

1 ऑक्टोबर 2020 रोजी वित्तीय करारांच्या द्विपक्षीय नेटिंगचा, म्हणजे त्या दोन चौकटींतल्या वजावटीचा, कायदा लागू झाला. त्याआधी दिवाळखोरीतल्या नेटिंगवर मत देताना आपण दोघींनी किती 'तथापि' लिहिले असतील, याची गणतीच नाही! त्या दिवशी आपला एका ओळीचा निरोप आला: 'आता तथापि कमी करा.' मी कमी केले. करारातला निदान एक पक्ष नियामकाच्या कक्षेतला असावा लागतो, तो जिथे नसतो तिथले मात्र अजून तसेच ठेवले आहेत.

आपली कृतज्ञ,
एक जुनी ज्युनिअर