पगार किती, ते खरं सांगते

भांडुप, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय चिमे,

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरतेय. लेकीला ऐरोलीत नोकरी लागली हे मेट्रोत उभ्यानंच वाचलं आणि डोळे भरून आले. तू बारावीनंतर थांबलीस, तिने इंजिनिअरिंग पुरं केलं. तिला माझा आशीर्वाद सांग, बाकीचं आल्यावर प्रत्यक्ष देईन.

तू विचारलंस, सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार ना? त्याखाली आणखी एक ओळ लिहून तू ती खोडलीस. पण पेनाच्या रेघेतून वाचता आली. 'तुला गं किती मिळतात?'

खोडायला नको होतंस. आधी तेच सांगते. माझा एकूण पगार ६२,००० रुपये. पीएफचे ३,६०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले की हातात ५८,२०० येतात. अंधेरी एमआयडीसीत एकाच कंपनीत चोवीस वर्षं पेरोल, म्हणजे सगळ्यांच्या पगाराचा हिशोब, बघितल्यावरचा हा आकडा आहे. सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितला नव्हता. घरात ह्यांना ठाऊक आहे, आणि आता तुला.

आता लेकीचं. तू पाठवलेल्या तिच्या नेमणूकपत्राच्या झेरॉक्सवर मी पेन्सिलने खुणा केल्यात, ती सोबत परत पाठवतेय. सहा लाख हा सीटीसी आहे. म्हणजे ती कंपनीला वर्षाला केवढ्याला पडेल तो आकडा. त्यातले ६०,००० व्हेरिएबल आहेत. तिचं काम आणि कंपनीचा नफा बघून वर्षाच्या शेवटी मिळतील, कमी मिळतील, एखाद्या वर्षी मिळणारही नाहीत. ते खर्चात धरायचेच नाहीत. कंपनी जो पीएफ भरणार ते ३६,०००, नोकरी सोडताना मिळते त्या ग्रॅच्युइटीपोटी १४,४३० आणि मेडिक्लेमचा हप्ता ९,५७०, हे सगळंही सहा लाखांतच बसवलंय. उरतात ४,८०,०००. महिन्याला ४०,०००. मूळ पगार २५,००० आहे, त्याचे बारा टक्के म्हणजे ३,००० तिच्या वाट्याचा पीएफ, आणि २०० प्रोफेशनल टॅक्स. हातात आले ३६,८००. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी येतील, त्या महिन्यात टॅक्स ३०० कापतात. इन्कम टॅक्सची काळजी नको. नव्या पद्धतीत पगारदाराला वर्षाच्या पावणेतेरा लाखांपर्यंत तो भरावा लागत नाही.

पन्नास हजारांचे छत्तीस झाले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कंपनीने फसवलेलं नाही, सगळीकडे असंच मांडतात. कापलेला पीएफही कुठे गेलेला नसतो. तिचे ३,०००, आणि कंपनीच्या ३,००० मधले १,२५० पेन्शन योजनेत गेल्यावर उरलेले १,७५०, असे महिन्याला ४,७५० तिच्या नावावर साठतील. २०२४-२५ सालासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, बँकेच्या साध्या ठेवीपेक्षा बरं. दोन वर्षांनी नोकरी बदलली की पोरं पीएफ काढून मोबाइल घेतात. मी दर महिन्याला असे अर्ज बघते आणि जीव तुटतो. तिला सांग, पीएफ खात्याचा यूएएन नंबर तोच ठेवायचा आणि पैसे नव्या कंपनीत वळवून घ्यायचे.

एक मात्र तिला कंपनीला विचारायला लाव. नेमणूक कायम आहे की ठरावीक मुदतीची? पत्रात ते कुठेच स्पष्ट लिहिलेलं नाही. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. मुदतीच्या नोकरीत २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार एका वर्षानेही हक्क येतो. आणि नोटीस तीन महिन्यांची लिहिलीय, ती दोघांनाही सारखी आहे का? फक्त तिलाच बांधलंय आणि कंपनीला महिन्याभरात काढता येतंय, असं व्हायला नको. हे सगळं ईमेलवर विचारायचं, फोनवर नाही.

आता जे तुला खरं सांगायचंय ते सांगते.

तुला आईची खानावळ आठवते ना? बारा-चौदा गिरणीवाले आमच्या एका खोलीत दोन पंगतींत जेवायचे, बहुतेक आपल्याच कोकणातले, बायकापोरं गावी. पगाराच्या दिवशी ते संध्याकाळी यायचे आणि आई चुलीपुढून न उठताच हिशोब करायची. तिला प्रत्येकाचा पगार ठाऊक होता. विणकामाच्या साचेखात्यातल्याला किती, सूतकताईच्या रिंगखात्यातल्याला किती, कोण कायम, कोण बदली, म्हणजे दुसऱ्याच्या जागी रोजावर, कोणाचे या महिन्यात किती खाडे. चारचौघांत नोटा मोजल्या जायच्या आणि त्यात कुणाला लाज नव्हती. पगार लपवायचा असतो हे मी चाळीत शिकले नाही, ऑफिसात शिकले.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा आपण पहिलीत होतो. अडीच लाख माणसं डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडली. आपल्याला तेव्हा फक्त भोंगा थांबलाय एवढं कळलं. पुढे मोठी झाल्यावर मागण्या वाचल्या. पगारवाढ होती, बोनस होता, आणि बदली कामगारांना कायम करा हीही होती. मला वाटतं ती मागणी उभी राहू शकली, कारण शेजारच्या साच्यावरच्या कायम माणसाला काय मिळतं हे बदलीवाल्याला पैशापैशापर्यंत ठाऊक होतं. संप बुडाला, पुढे गिरण्या गेल्या. तुझ्या-माझ्या घरांत त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही, तुला माहीत आहे. आईने उधारीवरही ताट बंद केलं नाही, एवढंच लिहिते. तिची मोठी तांब्याची पातेली त्याच वर्षी गहाण पडली ती परत आली नाहीत.

आमच्या ऑफिसात २०१६ साली खरेदी विभागात दोघं एकाच महिन्यात लागली. शेजारी-शेजारी टेबलं, एकच काम, शिक्षणही सारखंच. त्याला ३८,०००, तिला २९,०००. कारण काय, तर मुलासाठी घरी बसली म्हणून तिची तीन वर्षांची गॅप होती. मुलाखतीत विचारतात, आधीचा पगार किती? तिने तीन वर्षांपूर्वीचा खरा आकडा सांगितला, २४,०००. त्यावर वीस टक्के चढवून तिला पगार ठरवून दिला. त्याचा आधीचा होता ३२,०००, त्याचे ३८,००० झाले. कामाची किंमत कुणी लावलीच नाही, मागच्या पगाराला पुढे ओढलं.

पुढचं तुला नीट कळावं म्हणून आकड्यांत लिहिते. दोघांना दरवर्षी सारखी आठ टक्के वाढ. ऐकायला किती न्याय्य वाटतं! पण टक्के मोठ्या आकड्यावर मोठे होतात. पाच वर्षांत नऊ हजारांचा फरक तेरा हजारांच्या वर गेला. वर पीएफमधला फरक वेगळा. समान कामाला समान वेतनाचा १९७६ सालचा कायदा तेव्हा लागू होता. तो आमच्या दाराशी बोर्डावर लावलेला होता, ती रोज त्याच्यासमोरून जायची.

दर महिन्याच्या २८ तारखेला ते दोन आकडे माझ्या हाताखालून जायचे. २०२१मध्ये तिने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर पेढे ठेवले आणि म्हणाली, "तुमच्यामुळे पगार कधी एक दिवस उशिरा झाला नाही." मी तो पेढा घेतला. चिमे, दुसऱ्याचा पगार तिला सांगणं माझ्या कामाच्या नियमात बसत नव्हतं, हे खरं आहे. पण साहेबांसमोर जाऊन हा फरक का, असं विचारायला मला कुठल्याच नियमाने अडवलं नव्हतं. पाच वर्षांत मी एकदाही गेले नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून तुझी ती खोडलेली ओळ मला चार दिवस बोचली. आपण बायका किती काय बोलतो गं. कोणाची सासू, कोणाचा थायरॉइड, कोणाच्या घराचा हप्ता. पगार आला की गप्प. सकाळच्या गाडीत ठाण्याहून येणारी एक जण मंत्रालयात लिपिक आहे. तिचा वेतनस्तर एस-६, १९,९०० ते ६३,२००, हा सरकारी तक्त्यात छापलेला आहे, कुणीही बघावा. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या पुरुषासाठी दुसरा तक्ता नसतो. तिच्या आवाजात जो निवांतपणा आहे तो मला पगारापेक्षा त्या छापलेपणाचा वाटतो. तिच्याच बाजूला बसणारी नर्स कंत्राटदाराकडून लागलीय. रुग्णालय आपल्यापोटी कंत्राटदाराला किती देतं हे तिला पाच वर्षांत कळलेलं नाही. आमच्या मजल्यावरचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो, त्याला तर आज एका ऑर्डरचे किती पडले हे रात्री मोबाइल सांगतो, आणि उद्या दर तोच असेल याचा भरवसा नाही.

लेकीला एवढंच सांग, पुढच्या मुलाखतीत आधीचा पगार विचारला तर या जागेसाठी तुम्ही काय ठरवलंय असं उलट विचारायचं. उद्धटपणा नाही तो. आणि तिच्याबरोबर लागणाऱ्या मुलामुलींशी पहिल्या महिन्यातच पगाराचं बोलून घे म्हणावं. नंतर फार अवघड होत जातं.

माझं एक स्वप्न आहे, तेही लिहूनच टाकते. लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून अजून पुष्कळ लहान गाळे आहेत. कुठे पंचवीस माणसं, कुठे तीस, लेथ मशीन, पॅकिंग, छपाई. मालक बिचारे मालाच्या मागे धावतात. वीस माणसं झाली की पीएफ लागतो, दहावर ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा, आणि दोन्हीचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. कित्येकांचं ते राहून जातं आणि नुकसान कामगाराचं होतं. बायको आजारी पडल्यावर ईएसआयच्या दवाखान्यात गेल्यावर कळतं की नाव चढलेलंच नाही. महिना २१,०००पर्यंत पगार असलेल्या माणसाचे त्यासाठी पाऊण टक्काच कापायचे असतात. एवढंसं काम, पण कुणीतरी नेमाने करायला हवं. मला ते करायचंय. प्रत्येक कामगाराच्या हातात त्याला वाचता येईल अशी मराठी स्लिप द्यायची, प्रत्येक कपातीपुढे ती कशाची ते लिहून.

आठ गाळे मिळाले आणि प्रत्येकी सहा हजार धरले तर ४८,००० होतात. म्हणजे सुरुवातीला आतापेक्षा कमीच. हे म्हणतात, आणखी थोडी वर्षं थांब. मूळ पगार ३०,००० आणि चोवीस वर्षं धरून माझी ग्रॅच्युइटी चार लाख पंधरा हजारांच्या आसपास होते, तिच्यावर वर्ष काढता येईल असा माझा हिशोब आहे. मुलाच्या कॉलेजची शेवटची फी मेमध्ये भरून झाली की राजीनामा देईन. तारीख ठरवली नव्हती, तुला लिहिताना ठरली.

लेकीने पहिला महिना आमच्याकडेच राहायचं, यावर वाद नको. भांडुपहून ठाणे, तिथे गाडी बदलून ऐरोली. ठाण्यापर्यंत गर्दीच्या उलट्या दिशेला जायचंय, तिथवर सकाळी उभं राहायला तरी जागा मिळेल. नंतर मैत्रिणी मिळाल्या की खोली बघू, डिपॉझिट देण्याआधी मला दाखवायची. मांडवी एक्स्प्रेसने येत असेल तर मी ठाण्याला न्यायला येते. सोबत कुळथाचं पीठ दे, इथलं तसं लागत नाही. माझ्या पगाराची स्लिप काढून ठेवलीय, तिला समोर बसवून ओळ न् ओळ दाखवणार आहे.

आणि तू? अंगणवाडीत सकाळपासून राबतेस, रजिस्टरं घरी आणून भरतेस. मानधन किती येतं ते पुढच्या पत्रात लिही. खोडू नकोस.

तुझी,
खानावळीतली