दोरी हलकी लागली म्हणून इंजिन भंगारात नको

मा. संपादक,

कोकण किनाऱ्यावर छोट्या होड्यांना जुनी दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायची) इंजिने अजून आहेत. सुरू करायची दोरी ओढताना हलकी लागली, की 'कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलं, बोअर मारा (सिलिंडर आतून कापून मोठा करा)' असा निकाल बंदरावरच लागतो आणि गरीब रापणकार मच्छीमाराच्या माथी पिस्टन-रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या कड्यांचा) खर्च बसतो. आधी कॉम्प्रेशन गेज (हा दाब मोजणारा काटा) लावा, आणि तो नीट लावा, ही कळकळीची विनंती.

इंजिन पाण्याच्या पिंपात पाच-दहा मिनिटे चालवून गरम करा. दोन्ही प्लग काढा, त्यांच्या वायरी बॉडीला अर्थ करा आणि इंजिन बंद करणारी क्लिप काढून ठेवा, नाहीतर ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटेल. थ्रॉटल पूर्ण उघडा. बऱ्याच मॉडेलांत न्यूट्रलवर ती अर्धीच उघडते, तेव्हा कार्ब्युरेटरची पाकळी हाताने ढकलून धरावी लागते. पाकळी मिटलेली असेल तर सिलिंडरला हवाच पुरत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते. गेज प्लगच्या भोकात बसवा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा वेळा, दोरी जोरात ओढा.

एकट्या आकड्याने घाबरू नका. १९५० च्या दशकातली जॉन्सन, एव्हिनरूडची लहान इंजिने ६०-७० पौंड (दर चौरस इंचाला) दाबावरही सुरू होतात. नंतरच्या इंजिनांत शंभराच्या वर अपेक्षित असते. खरे पाहायचे ते दोन सिलिंडरमधले अंतर. ११० आणि १०५ ठीक. ११० आणि ८० म्हणजे दुखणे आहे.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा टू-स्ट्रोक ऑइल घाला. आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, ऑइल एका बाजूला साचते. म्हणून फ्लायव्हील (इंजिनच्या माथ्यावरचे जड चाक) दोन-तीनदा फिरवून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. जास्त ओतले तर जागा भरून खोटा आकडा येतो. काटा चढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचे झाकण, म्हणजे हेड, यांमधली पट्टी), हेडची चीर किंवा पिस्टनला भोक. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये तपासायला व्हॉल्व्ह नसतातच. शेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच पडले असतील, तर बहुधा गॅस्केट मधोमध फुटले आहे. खाऱ्या पाण्याने थर्मोस्टॅट आणि पाण्याच्या वाटा तुंबतात, हेड तापून वाकते. नुसते गॅस्केट बदलून ते टिकत नाही. काचेच्या तावावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड इंग्रजी आठच्या आकड्यासारखे घासा आणि पाण्याची वाट मोकळी करा.

रिंगांचा संशय असेल तरी लेथवाल्याकडे धावू नका. एक्झॉस्टचे झाकण काढा, फ्लायव्हील हळू फिरवा आणि सिलिंडरच्या खिडकीतून (धूर बाहेर पडायच्या भोकातून) दिसणारी रिंग बांबूच्या काडीने दाबा. उसळून वर आली तर मोकळी आहे. दगडासारखी बसली असेल तर कार्बनने धरली आहे. इंजिन पूर्ण वर उचला, म्हणजे प्लगची तोंडे वर येतात. त्यांतून कार्बन क्लीनर घालून रात्रभर ठेवा आणि पुन्हा मोजा. बोअरवर नखाला लागतील अशा उभ्या रेघा असतील, तरच रीबोअर.

गेज चांगला आकडा दाखवतो, तरी इंजिन धरत नाही आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल उलटे उडते, असे असेल तर सिलिंडर उघडू नका. रीडची (कार्ब्युरेटरमागच्या एकतर्फी झडपेची) पाती तुटली आहे का, हे आधी पाहा. हा गेज क्रँककेसचा (पिस्टनमागच्या पेटीचा) दाब मोजत नाही.

– आउटबोर्ड दुरुस्ती करणारे कारागीर, मालवण