रात्री साडेदहाचा भोंगा हवा

मा. संपादक,

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई करणारा ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ ला लागू झाला आणि आपल्याकडेही वयोमर्यादेवर वाद रंगू लागला. वयापेक्षा मोठा प्रश्न वेळेचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचा पायंडा पाडला, तो कौतुकाचाच. पण मुलांचे जास्त नुकसान होते ते रात्री अकरा ते एक, पांघरुणाखाली.

वयात येताना शरीरात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक उशिरा स्रवू लागते, म्हणून झोप मुळातच पुढे सरकलेली असते. त्यात सकाळची शाळा. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. साडेबाराला डोळा लागून सहाला उठणाऱ्याच्या पदरात साडेपाच पडतात. अशा अर्धवट झोपेच्या मुलाला मित्रांच्या सहलीचे फोटो दिसले आणि आपल्याला बोलावलेच नव्हते हे कळले, तर दिवसा ‘जाऊ दे’ म्हणून सोडले असते ते रात्री मनात घर करते. उठून कोणाला सांगावे, तर घर झोपलेले.

इन्स्टाग्रामवर किशोरांच्या खात्यांना रात्री दहा ते सकाळी सात ‘स्लीप मोड’ आपोआप लागतो. त्यावर विसंबू नये. तो सूचना गप्प करतो, ॲपला कुलूप लावत नाही. ते पालकांनी देखरेखीच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळे लावावे लागते. शिवाय खाते उघडताना जन्मसाल खोटे टाकले असेल (आणि ते बरेचदा घरातल्या मोठ्यांनीच टाकलेले असते!) तर हे काहीच लागू होत नाही. आधी जन्मतारीख तपासा.

मग चार्जर झोपायच्या खोलीतून हॉलमध्ये आणा. साडेदहाला सगळ्यांचे फोन तिथे, बाबांचासुद्धा. ‘गजर कसा लावू?’ ही सबब येणारच. साधे गजराचे घड्याळ दोन-तीनशे रुपयांत मिळते. पहिला आठवडा आदळआपट होते. चौथ्या दिवशी ‘आजच्या दिवस’ म्हणून सूट दिलीत, की पुन्हा पहिल्यापासून.

फोन कायमचा हिसकावून मात्र घेऊ नका. मूल मित्राच्या फोनवर दुसरे खाते उघडते आणि तिथे कोणी धमकावले तरी घरी बोलत नाही. दोन आठवडे झोप, भूक, खेळ सगळेच बिघडलेले दिसले तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, ही सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. जगणे नकोसे झाल्याचे मूल बोलले, तर त्याच क्षणी.

एक विनंती शाळांनाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेनऊला गृहपाठ आला, की फोन हातात ठेवायला मुलाला शाळेचाच परवाना मिळतो. गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा आणि ग्रुप संध्याकाळी सातनंतर ‘फक्त ॲडमिन’वर ठेवावा. सेटिंग बदलायला अर्धा मिनिट पुरतो.

– एक शालेय समुपदेशक, सांगली