आधार आले म्हणून गफलत संपली काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिंदी मारधाडपटांवर आलेला लेख वाचला. एकाला भलताच कोणी समजण्यावर बेतलेले विनोदी मारधाडपट आता कालबाह्य झाले आहेत, कारण आधार कार्ड, सीसीटीव्ही आणि खिशातला मोबाइल यांच्या काळात अशी गफलत होणेच शक्य नाही, असे लेखकाचे म्हणणे दिसते. हे चित्रपट अलीकडे रटाळ होऊ लागले आहेत, हे मला मान्य आहे. त्याचे दिलेले कारण मात्र पटले नाही.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो असून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागणाऱ्यांपैकी एक आहे. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ सुरू झाल्यापासून हा दाखला आधारच्या मदतीने देता येतो. गेल्या वर्षी एका कार्यालयात माझा अंगठा यंत्रावर उमटेना. खिडकीमागच्या मुलीने तो पुसून ठेवायला सांगितला, मग तर्जनी, मग डावा हात, असे करत दहाही बोटे झाली. ही मुलगी आमच्याच गल्लीत लहानाची मोठी झालेली. तरीही ती अत्यंत दिलगिरीने म्हणाली, “काका, मशीन तुम्हाला ओळखत नाहीये.” शेवटी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावल्यावर मी मीच आहे आणि जिवंत आहे, हे सरकारला पटले. तेव्हा आधारमुळे विनोदाचा एक जुना प्रकार संपला असे कोणी म्हणू नये. एका नव्या प्रकाराची त्यात भर पडली आहे.

परंतु मुख्य मुद्दा कागदपत्रांचा नाहीच. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या बटवड्यात नारायण पेठेतील एक वाडा होता आणि त्यात एकाच नावाचे, आद्याक्षरांसकट एकच, असे दोन जोशी राहत होते, एक माडीवर आणि एक तळमजल्यावर. माडीवरच्या जोशींची मनीऑर्डर एकदा खालच्या जोशींनी सही करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ओरड झाल्यावर, मुलाने पाठवले असतील असे वाटले, एवढेच उत्तर दिले. मुलगा दोन वर्षांत घराकडे फिरकलेला नाही, हे सगळ्या वाड्याला ठाऊक होते. कुपनावर पाठवणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत होते. त्यांनी ते वाचले नाही, कारण त्यांना ते वाचायचे नव्हते. (चूक अर्थात माझीही होती आणि तिचे जे प्रायश्चित्त मिळायचे ते मिळाले.)

‘अंगूर’ या गुलजार यांच्या १९८२ च्या चित्रपटात हेच सूत्र किती चतुराईने वापरले आहे, हे लेखकाने पुन्हा पाहावे. शेक्सपिअरच्या नाटकावरून ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ मध्ये बंगालीत ‘भ्रांतिविलास’ लिहिले, त्याच कुळातला हा चित्रपट. दोन अशोक आणि दोन बहादूर, म्हणजे जुळ्यांच्या दोन जोड्या, नावेही तीच. परगावाहून पैसे घेऊन आलेल्या अशोकला रस्त्यातले लोक नावाने हाक मारू लागतात, एक अनोळखी स्त्री नवरा म्हणून घरी चलण्याचा आग्रह धरते. अशा वेळी कोणताही शहाणा माणूस, “बाई, आपला काहीतरी गैरसमज होतोय, मी या गावचा नाही,” असे शांतपणे बसून सांगेल आणि चित्रपट वीस मिनिटांत आटोपेल. पण हा अशोक रहस्यकथांचा व्यसनी आहे. त्याच्या डोक्यात पहिल्यापासून टोळी, सापळा आणि पाठलाग. आपल्याजवळच्या पैशांवर डोळा ठेवूनच हे सारे नाटक चालले आहे, असे तो धरून चालतो आणि सरळ प्रश्न विचारण्याऐवजी डावपेच लढवत बसतो. त्या काळी मोबाइल असता, तरी याने तो टोळीला ठावठिकाणा कळेल म्हणून बंदच ठेवला असता. संजीवकुमार आणि देवेन वर्मा यांच्या कामाबद्दल निराळे लिहायला नको. देवेन वर्मा यांचे अखेरचे दिवस आपल्या पुण्यातच गेले आणि २०१४ मध्ये ते येथेच वारले, एवढे मात्र नोंदवतो.

पुणेकरांना तर हे सिनेमातून शिकण्याचेही कारण नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि त्यानंतर मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला. कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, माणसे त्याला मिळाली आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. तो भाऊंसारखा कितपत दिसत होता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. भाऊ परत यावेत असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांच्यासाठी थोडेसे साम्यही पुरेसे असणार.

आता मारामारीविषयी, कारण लेखकाने तिला हातही लावलेला नाही आणि माझ्या मते खरे दुखणे तिथेच आहे. गफलतीच्या चित्रपटात पडणारा प्रत्येक ठोसा चुकीच्या माणसाला पडला पाहिजे किंवा चुकीच्या माणसाने मारला पाहिजे. १९६७ च्या ‘राम और श्याम’मध्ये भित्र्या रामला त्याचा मेहुणा चाबकाने फोडून काढतो. पुढे रामच्या जागी श्याम त्या घरात येतो. मेहुण्याने सवयीने चाबूक उगारला आहे, समोरचा माणूस तो नव्हेच हे त्याला ठाऊक नाही, आणि थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ते ठाऊक आहे. चाबूक हातातून जाऊन उलटा फिरतो, तेव्हा रामच्या पाठीवरचा एकेक वळ वसूल होतो. लहानपणी मी हा प्रसंग वडिलांच्या शेजारी बसून पाहिला. एरवी सिनेमात डुलक्या काढणारे आमचे वडील त्या वेळी खुर्चीच्या कडेवर आले होते. दिलीपकुमार आणि प्राण यांच्यात झालेली ती मारामारी फार कसबाची होती असे नाही, पण ती गफलतीच्या पोटातून आलेली होती.

याच्या शेजारी २०१२ चा ‘राउडी राठोड’ ठेवून पाहावा. मूळ तेलुगू ‘विक्रमार्कुडु’वरून प्रभुदेवा यांनी तो हिंदीत केला आणि अक्षयकुमार यांनी त्यात भुरटा चोर आणि पोलीस अधिकारी अशा दोन्ही भूमिका केल्या. एक लहान मुलगी चोराला बाबा समजून बिलगते आणि तिला झटकून टाकणे त्याला जमत नाही. भलत्याच माणसाचे वैरीही त्याच्या मागे लागतात. तोवर चित्रपट उत्तम चालतो. पुढे खुलासा होतो, चोर समजून-उमजून अधिकाऱ्याची जागा घेतो आणि मूळच्या अधिकाऱ्याइतकाच सहजपणे गुंड लोळवू लागतो. खलनायक फसलेला असतो खरा, पण वर्दीतल्या माणसाची कसलीच अडचण उरत नाही. आपले बिंग फुटेल ही धास्ती त्याला नाही, म्हणून आपल्यालाही नाही, आणि मग हाणामारी कितीही जोरकस असली तरी ती दोघांपैकी कोणाचीही असती तरी चालले असते. अलीकडच्या अनेक मारधाडपटांत हेच होते: मारामारी सुरू झाली की गफलत बाकावर बसून राहते आणि मारामारी संपल्यावर पुन्हा उठून येते.

म्हणून विनंती अशी की, असा पुढचा चित्रपट आला म्हणजे आपल्या समीक्षकांनी नायकाचे आधार कार्ड तपासू नये. गफलत मिटवण्याची संधी असूनही ती कोण आणि का मिटवत नाही आणि हाणामारीने ती वाढते की नुसती थांबते, एवढे लिहिले तरी तिकीट काढावे की नाही, हे आम्हाला ठरवता येईल.

जाता जाता आणखी एक. ‘अंगूर’पूर्वी, १९६८ मध्ये, याच कथेवर किशोरकुमार आणि असित सेन यांचा ‘दो दूनी चार’ येऊन गेला होता आणि त्याचेही लेखन गुलजार यांचेच होते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने हे दोन्ही चित्रपट एकाच संध्याकाळी पाठोपाठ दाखवले, तर माझ्यासारखे पुष्कळ जण येतील. प्रवेशासाठी ओळखपत्र मागितले तरी हरकत नाही, फक्त अंगठा मागू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
सदाशिव पेठ, पुणे